देणारा कोण ते कळेना: आमच्या छोट्या संस्थेने ऑनलाइन देणगी सुरू केली त्याची हकीकत

१९ डिसेंबर २०२४. मी एसटीत होते आणि फोनवर आयकर खात्याचा मेल आला. ८०जीचा नियमित आदेश, म्हणजे आमच्या देणगीदारांना आयकरात वजावट मिळण्याची पक्की मान्यता. पीडीएफ उघडून आधी संस्थेच्या नावाचं स्पेलिंग तपासलं (का, ते पुढे येईलच) आणि मग आमच्या खजिनदारांना, अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "म्हणजे आता झालं ना एकदाचं?" मी म्हटलं, "झालं, अण्णा."

जुलै २०२२ मधल्या मीटिंगमध्ये "ऑनलाइन देणगी सुरू करू या, काय मोठंसं आहे त्यात" असं मीच म्हणाले होते. त्याला अडीच वर्षं लोटली होती.

हे लिहितेय ते एवढ्यासाठी की त्या काळात मला मराठीत असं काही वाचायला मिळालं नाही. जे मिळालं ते 'पाच सोप्या पायऱ्या' छापाचं. पायऱ्या पाचच असतात हो, पण त्यातल्या दोन पायऱ्यांच्या मध्ये आठ महिने असतात, हे कोणी लिहीत नाही. आणखी एक: हे सगळं जानेवारी २०२५ पर्यंतचं आहे. आयकराचे नियम आणि फॉर्म सारखे बदलतात, त्यामुळे तुम्ही करायला घ्याल तेव्हा तुमच्या सीएला विचारूनच करा.

आमची संस्था अगदी लहान. रुग्णोपयोगी साहित्य लोकांना वापरायला देतो: वॉकर, व्हीलचेअर, कमोड चेअर, एअर बेड, फाउलर बेड (डोक्याकडची बाजू वर करता येणारा), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. अनामत ठेवायची, वस्तू न्यायची, काम झालं की पुसून परत आणायची. भाडं नाही. सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी २००९ ची. खजिनदार अण्णा, वय ७४, आणि त्यांचं पावतीपुस्तक. कोणी देणगी द्यायला आलं की अण्णा त्याला बसवतात, पाणी देतात, कार्बन नीट लावतात आणि विचारतात, "कोणाच्या नावाने?" एका पावतीला पंधरा मिनिटं सहज जातात. मला तेव्हा त्याचा राग यायचा.

मुळात हे सगळं सुरू झालं कोविडमुळे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कॉन्सन्ट्रेटरसाठी लोक पुण्या-मुंबईहून पैसे पाठवायला तयार होते, पण पाठवायचे कुठे? अण्णांनी स्वतःचा फोन नंबर दिला. पैसे त्यांच्या बचत खात्यात यायचे, ते डायरीत लिहायचे आणि आठवड्याने संस्थेच्या खात्यात भरायचे. एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. पण वर्षअखेरीला सीएने ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "उद्या कोणी विचारलं तर हे पैसे संस्थेचे होते हे सिद्ध कसं करणार? आणि अण्णांच्या रिटर्नमध्ये ते का नाहीत?" अण्णा दोन दिवस जेवले नाहीत नीट. अजूनही कित्येक छोट्या संस्थांमध्ये हेच चालतं, अध्यक्षांचा नाहीतर सचिवांचा क्यूआर फिरत असतो. तुमच्याकडे तसं असेल तर बाकी काही वाचू नका, आधी ते थांबवा.

जुलै २०२२ मध्ये मी बँकेत गेले. चालू खात्यावर संस्थेच्या नावाचा क्यूआर हवा, एवढंच मागणं. तिथल्या ताईंनी विश्वस्तांची यादी मागितली. परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा उतारा दिला. त्यात सात नावं. त्यातले दोघे देवाघरी गेलेले, एक मुलाकडे परगावी कायमचे. त्यांच्या जागी आम्ही तिघांना घेतलं होतं, ठराव केले होते, पेढे वाटले होते. फक्त धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायचा राहिला होता. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत द्यायचा असतो. आम्ही चार वर्षं गप्प होतो. म्हणजे मी, सचिव म्हणून सह्या करणारी, कागदोपत्री विश्वस्तच नव्हते!

मग वकील, विलंब माफीचा अर्ज, मृत्यूचे दाखले, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं, त्या त्या सभेच्या नोटिसा आणि इतिवृत्त. परगावी गेलेल्या काकांचा राजीनामा आमच्याकडे होता, पण त्यावर तारीख नव्हती. त्यांच्याकडून नवा मागवला, तर तो कुरिअरमध्ये तीन आठवडे फिरत राहिला. ऑगस्ट २०२२ ते मार्च २०२३, आठ महिने. वकिलांची फी ७,००० रुपये, कोर्ट फी स्टँप किरकोळ. दोष सगळा आमचा. इतिवृत्ताची वही वेळच्या वेळी भरली असती तर निम्मा वेळ वाचला असता.

त्या आठ महिन्यांत आम्ही दुसरी बाजू लावून धरली. १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी आमच्याकडे कधीच नव्हतं, कारण तोवर त्याची गरजच वाटली नव्हती. पण बाहेरगावचा देणगीदार पहिला प्रश्न विचारतो तो ८०जीचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये या दोन्हींच्या नोंदणीचा फॉर्म १०ए भरला. तो ऑनलाइन असतो आणि त्याला सरकारी फी नाही. पण त्यासाठी संस्थेच्या पॅनवर आयकर पोर्टलचं लॉगिन लागतं. ते कोणीतरी २०१४ मध्ये तयार केलेलं होतं. कोणी, ते कोणाला आठवेना. नोंदवलेला ई-मेल आधीच्या सीएच्या ऑफिसातल्या एका मुलाचा, तो मुलगा नोकरी सोडून गेलेला. पासवर्ड बदलून घ्यायला अकरा दिवस. संस्थेसाठी वेगळा ई-मेल आणि वेगळं सिमकार्ड घ्या आणि ते सिम कार्यालयाच्या कपाटातल्या जुन्या साध्या फोनमध्ये ठेवा. आमच्याकडे त्या फोनला 'ओटीपीचा फोन' म्हणतात. त्याला नियमित रिचार्ज करणं हे आता माझ्या मुलाचं काम आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तात्पुरती नोंदणी आली, १२एबी (१२एची नोंदणी याच कलमाखाली मिळाली) आणि ८०जी दोन्हींची. हा टप्पा खरंच सोपा होता, महिन्याच्या आत काम झालं. सीएची फी ५,०००. स्वयंसेवी संस्थांसाठीच्या, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी फुकट आणि पटकन होते, निदान तीन विश्वस्तांचे पॅन-आधार हाताशी ठेवा. कंपन्यांच्या सीएसआरसाठीचा (सामाजिक कामाला त्या देतात तो पैसा) फॉर्म सीएसआर-१ सुद्धा भरून टाकला. त्यातून आजतागायत एक रुपया आलेला नाही, पण नंबर आहे.

मार्च २०२३ मध्ये बदल अर्ज मंजूर झाला आणि एप्रिलमध्ये पेमेंट गेटवेकडे, म्हणजे वेबसाइटवरून आलेले पैसे खात्यात पोचवणाऱ्या कंपनीकडे अर्ज केला. कोणता गेटवे ते लिहीत नाही. इथे आमचं नावच आडवं आलं. पॅनवर संस्थेच्या नावात इंग्रजी 'व्ही', बँकेच्या खात्यात 'डब्ल्यू'. मराठीत एकच अक्षर, पण त्यांच्या संगणकाला त्या दोन वेगळ्या संस्था. अर्ज नामंजूर. बँकेतलं नाव बदलायला ठराव, पत्र आणि दोन हेलपाटे. शिवाय नोंदणीचं प्रमाणपत्र मराठीत म्हणून इंग्रजी भाषांतर नोटरी करून, ८०० रुपये.

त्यानंतर त्यांनी वेबसाइट मागितली. एक पानी साइट भाच्याने करून दिली. डोमेन, होस्टिंग आणि थोडं काम बाहेरून करून घेतलं ते धरून ९,५०० रुपये. तर उत्तर आलं की 'रिफंड पॉलिसी' आणि 'शिपिंग पॉलिसी' ही पानं नाहीत. देणगीला शिपिंग कसलं, असं मी तीनदा लिहिलं. तीनदा तोच साच्यातला मेल आला. शेवटी लिहून टाकलं: 'आम्ही कोणतीही वस्तू पाठवत नाही.' दुसऱ्या दिवशी मंजुरी. रिफंडचं पान मात्र मनापासून लिहा, ते लागतं. एका आजोबांनी ५०० ऐवजी ५०,००० टाइप केले होते.

२ जून २०२३ ला पानावरून पहिली देणगी आली, २५१ रुपये, माझ्याच बहिणीकडून. यूपीआयने आली म्हणून काही कापलं गेलं नाही. कार्डाने आली की सुमारे दोन टक्के आणि त्यावर जीएसटी जातो. कार्यालयात भिंतीवर क्यूआरची पाटी आणि टेबलावर साउंडबॉक्स. अण्णांना साउंडबॉक्स आवडला. "हा मोठ्याने सांगतो ते बरं आहे, कोणी मला विचारायला नको."

महिन्याला १०० रुपयांची योजनाही सुरू केली, यूपीआय ऑटोपे: ठरल्या तारखेला पैसे आपोआप वळते होतात. ४३ जण झाले. पण पैसे वळते होण्याच्या निदान २४ तास आधी देणगीदाराला सूचना जायलाच हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम. सूचना पाहून काही जण लगेच बंद करतात. माझी आधी चिडचिड झाली. मग वाटलं, ज्याला आठवण झाल्यावर द्यावंसं वाटत नाही त्याचे विसरून गेलेले पैसे आपल्याला कशाला हवेत? खरी गळती वेगळीच होती. आम्ही २८ तारीख ठेवली होती, तेव्हा खात्यात शिल्लकच नसायची. ५ तारीख केली आणि निम्मे फेल व्यवहार थांबले.

त्या सहा महिन्यांत मी खूश होते. तीस सेकंदांत देणगी. पंधरा मिनिटं कुठे आणि तीस सेकंद कुठे.

मग जानेवारी २०२४ आला.

एक गृहस्थ वडिलांसाठी नेलेला बेड परत करायला आले. वडील गेले होते. त्यांनी घरी जाऊन व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी लिहिल्या: संस्थेने पैसे घेतले नाहीत, बेड स्वच्छ होता, चादर घडी घातलेली होती. सोबत भिंतीवरच्या क्यूआरच्या पाटीचा फोटो. तो मेसेज त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवरून शाळेच्या ग्रुपवर, तिथून कुठल्या कुठे गेला. रविवारी सकाळी अण्णांचा फोन: "ताई, हा डबा वेडा झालाय. थांबतच नाही." साउंडबॉक्स दर मिनिटाला बोलत होता. शेवटी त्यांनी त्यावर टॉवेल टाकला.

पाच दिवसांत ६११ व्यवहार आणि १,८४,३१७ रुपये. एरवी आमच्या वर्षभराच्या देणग्या साडेचार लाखांच्या घरात. आम्ही हरखून गेलो होतो. मी सीएला फोन केला तो आनंद सांगायला. त्यांनी विचारलं, "नावं आहेत?"

नावं नव्हती. आमच्या देणगीच्या पानावर नाव, पत्ता, पॅन सगळं विचारलं जातं, पण त्या पानावर आलंच कोण होतं? लोकांनी फोटोतला क्यूआर स्कॅन केला होता. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) आणि अर्धवट कापलेलं एखादं नाव. 'राजेंद्र पा' म्हणजे पाटील की पाठक की पारखी?

इथे आयकर कायद्याचं कलम ११५बीबीसी कळलं. आमच्यासारख्या संस्थेने देणगीदाराचं नाव आणि पत्ता यांची नोंद ठेवली नाही तर ती देणगी अनामिक. वर्षभराच्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यातली जी मोठी रक्कम तेवढी सूट. त्यावरच्या अनामिक देणगीवर सरळ ३० टक्के कर. आमच्यासाठी मर्यादा एक लाखाची. म्हणजे ८४,३१७ वर साधारण २५,३०० रुपये. एक फाउलर बेड आणि दोन व्हीलचेअर, हे माझ्या डोक्यात लगेच आलं. निदान ८४ हजारांचे देणारे ३१ मार्चच्या आत शोधायला हवे होते.

त्या रात्री यादी काढून बसले आणि वेगळीच गंमत दिसली. ७४ व्यवहार एकेका रुपयाचे होते. आधी एक रुपया टाकून बघायचा, नाव बरोबर येतंय का, मग खरी रक्कम. मीही तेच करते. पण हिशेबात तो एक रुपयाही देणगीच. ७४ वेळा एक रुपया.

शोधाशोधीत दोन महिने गेले. आधी मोठे व्यवहार घेतले, हजार किंवा त्यावरचे: ६३ होते आणि त्यांचेच जवळजवळ ९७ हजार. कापलेली नावं घेऊन मी ज्यांनी मेसेज लिहिला त्या गृहस्थांकडे गेले. त्यांनी त्यांच्या ग्रुपांवर विचारलं, त्यांनी पुढच्यांना. ज्या वाटेने मेसेज गेला त्याच वाटेने उलट मागे येत गेलो. सोबत एक गुगल फॉर्म: तारीख, रक्कम, यूटीआरचे शेवटचे चार आकडे, नाव, पत्ता आणि ८०जी हवं असल्यासच पॅन. शेवटचे चार आकडे मागितले हे फार बरं झालं. १०१ रुपयांचे त्या रविवारी ५२ व्यवहार होते.

उत्तरं मजेशीर आली. कोणी पॅनचं नाव काढताच विचारलं, "हा स्कॅम आहे का?" बरोबरच आहे त्यांचं, मीही असंच विचारलं असतं. एका बाईंनी फोनवर झापलं: "मी गुप्तदान केलंय. नाव सांगितलं की संपलं पुण्य." मी त्यांना ३० टक्क्यांचं गणित सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. "म्हणजे माझ्या हजारातले तीनशे सरकारला?" "तसं अगदी नाही, पण साधारण तसंच." मग म्हणाल्या, "लिहा. पण पाटीवर लावू नका." त्यांचं नाव रजिस्टरमध्ये आहे, बाकी कुठेही नाही. गुप्तदान आणि अनामिक देणगी यांतला फरक मी तेव्हापासून असाच सांगते: जगाला माहीत नसलं तरी चालेल, आमच्या वहीला माहीत हवं.

मार्चअखेर १,१२,००० रुपयांचे देणारे सापडले. उरलेले ७२ हजार मर्यादेत बसले. कर लागला नाही.

याच गडबडीत आणखी दोन प्रकार झाले. मेसेज फिरायला लागून दहा-बारा दिवस झाले असतील, एका माणसाचा फोन आला की स्कॅन केल्यावर भलत्याच व्यक्तीचं नाव दिसतंय. कोणीतरी आमचाच मजकूर ठेवून फोटोतला क्यूआर बदलला होता. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, आमच्या सगळ्या ग्रुपांवर खुलासा टाकला. खुलासा अर्थातच मूळ मेसेजइतका लांब गेला नाही. आता आमच्या प्रत्येक आवाहनावर तीन गोष्टी असतात: तारीख, 'हे आवाहन अमुक दिवसापर्यंतच' ही ओळ आणि पैसे देण्याआधी स्क्रीनवर कोणतं नाव दिसायला हवं ते. तारखेचं महत्त्व असं की तो मेसेज अजून मेलेला नाही. गेल्या दिवाळीतही कोणीतरी विचारलं, "बेड मिळाला का हो त्यांना?"

दुसरा प्रकार २५,००० रुपयांचा. अमेरिकेतल्या एका तरुणाने पाठवले, मूळचा आमच्याच भागातला. पैसे रुपयांत, त्याच्या भारतातल्या एनआरओ (अनिवासी लोकांसाठीच्या) खात्यातून. पण त्याने मेलमध्ये सहज लिहिलं होतं की मागच्या वर्षी तिकडचा नागरिक झालो. संपलं. देणारा परदेशी नागरिक असेल तर पैसा रुपयांत असला तरी तो परकीय अंशदान धरला जातो. त्याला एफसीआरए, म्हणजे परकीय अंशदान कायद्याखालची नोंदणी लागते आणि ती असलेल्या संस्थेलाही असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यावा लागतो. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर अडचण नाही. हा फरक आम्हाला माहीतच नव्हता. तिसऱ्या दिवशी पैसे परत केले, पत्र लिहिलं. तो दुखावला. "माझ्या आजीच्या वेळी तुमचाच वॉकर होता," असं त्याने लिहिलं.

महिन्याभराने त्याचाच मेल आला: पैसे नको तर काम सांगा. सीएने हरकत नाही असं पक्कं सांगितल्यावर काम सांगितलं. गेटवे दोन दिवसांनी सगळ्या देणग्या एकत्र करून, स्वतःचे पैसे कापून, एकच रक्कम खात्यात टाकतो. समजा १४ जणांनी दिले, बँकेत दिसतं ६,८७२.३४. पावत्या मात्र १४ आणि त्या पूर्ण रकमेच्या. तो मेळ मी दर रविवारी हाताने घालत होते. त्याने एक तक्ता बनवून दिला: दोन फायली टाकायच्या, कोणती ओळ जुळत नाही ती लाल होते. माझे रविवार परत मिळाले. आता पानावर 'मी भारतीय नागरिक आहे' ही खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेही त्यानेच करून दिलं.

फॉर्म १०बीडी म्हणजे वर्षभरातल्या देणगीदारांची यादी, ३१ मेपर्यंत पोर्टलवर चढवायची. ती चढली की प्रत्येकाचं १०बीई प्रमाणपत्र तयार होतं आणि तेही ३१ मेच्याच आत देणगीदाराला द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. पहिल्या वर्षी अकराच जण होते, तासाभरात झालं. २०२४ मध्ये १८६. फाईल चार वेळा परत आली. दोनदा तारखेच्या साच्यामुळे, एकदा एका पॅनमध्ये शून्याऐवजी 'ओ' होता म्हणून आणि एकदा पत्त्यांतल्या स्वल्पविरामांमुळे. 'फ्लॅट ४, दुसरा मजला' मधला स्वल्पविराम फाईलला पुढचा रकाना वाटतो. सगळे स्वल्पविराम काढले. २७ मेला चढली आणि प्रमाणपत्रं दुसऱ्या दिवशी उतरवून घेता आली. शेवटच्या दिवसावर ठेवू नका ते याचसाठी.

प्रमाणपत्रं पाठवल्यावर फोन सुरू: "मला सूट का दिसत नाही?" नवीन करप्रणाली घेतली असेल तर ८०जीची वजावट मिळत नाही आणि आता न सांगता तीच लागू होते. दोन हजारांवरची देणगी रोख दिली असेल तरी मिळत नाही. मी एक मेसेज लिहून ठेवलाय, तोच चिकटवते.

तात्पुरती नोंदणी नियमित करायचा फॉर्म १०एबी त्या जूनमध्येच भरला, ३० जून २०२४ ही वाढीव मुदत गाठून. सीएची फी १२,०००. सप्टेंबरमध्ये नोटीस आली. मला वाटलं काहीतरी चुकलं, पण ती सगळ्यांनाच येते: न्यासपत्र, तीन वर्षांचे हिशेब, कामाचा अहवाल, बिलं, फोटो, देणगीदारांची यादी. पंधरा दिवसांत सगळं अपलोड करायचं. यादी तयार होती. जानेवारीतली ती कटकट झाली नसती तर कदाचित नसती.

एकूण खर्च साउंडबॉक्सच्या भाड्यासकट ३६ हजारांच्या आसपास.

आमच्याकडे एक आजोबा दरवर्षी जानेवारीत येतात, पत्नीच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, ५,००० रुपये रोख घेऊन. त्यांना मी मागे दोन हजारांचा नियम सांगितला होता. ते म्हणाले, "मला सूट नको, पावतीवर तिचं नाव हवं." ते ऐकून आमच्या ऑनलाइन पानावर एक रकाना वाढवला, 'कोणाच्या स्मरणार्थ'. तो भरायची सक्ती नाही. तरी अर्ध्याहून जास्त लोक तो भरतात आणि पत्ता लिहायला कंटाळणारे तिथे चार-चार ओळी लिहितात.

परवा ते आजोबा आले. नातवाने फोनमध्ये यूपीआय टाकून दिलं होतं. पाटीसमोर उभे राहून त्यांनी दोन्ही हातांनी फोन धरला, आधी एक रुपया पाठवला, मग पाच हजार. साउंडबॉक्स दोन्ही वेळा बोलला. ते खुर्चीत बसले. अण्णांनी पाणी दिलं, पावतीपुस्तक काढलं, कार्बन लावला आणि माहीत असूनही विचारलं, "कोणाच्या नावाने?"

पावती ५,००१ ची फाडली. कोपऱ्यात मी दोन्ही यूटीआरचे शेवटचे चार-चार आकडे लिहिले.